पिवळं हेल्मेट

रांगोळीत माणसाचा चेहरा काढायला मला कुणी शिकवलं नाही. मी कारखान्यात क्रेनखाली उभा राहून ड्रायव्हरला हाताने खुणा करणारा माणूस. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तेच जमिनीवर खडूने मोठे करायचे आणि फडक्यातून गाळलेला रंग चिमटीने सोडायचा, एवढं चुकत चुकत जमवलं. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाला त्याचं कौतुक दिवाळीच्या प्रदर्शनापुरतं. "नीळकंठ, यंदाही महाराजच ना?" सात वर्षं मी महाराजच काढत होतो.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत मी हेमंत काढला.

हेमंत डबीर माझा जोडीदार. मार्चमध्ये क्रेनचा वायर रोप, म्हणजे तारांचा दोर, तुटला आणि लोखंडी हूक त्याच्या डोक्यात बसला. रोप बदला म्हणून त्याने फोरमन सुभाष खोतला तीनदा सांगितलं होतं. चौकशीत निघालं काय, तर मयताने हेल्मेटच घातलं नव्हतं. त्या जबाबाखाली साक्षीदाराची सही माझी. हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं, फुटून दोन तुकडे झालेलं. खोतने माझ्यादेखत ते पोत्यात कोंबलं आणि संध्याकाळी कागद पुढे सरकवला. "क्वार्टर आहे, नोकरी आहे, बघ बाबा तुझं तू," म्हणाला. मी बघितलं आणि सही केली. माझ्याइतका भेकड माणूस कारखान्याच्या त्या शॉपमध्ये दुसरा नव्हता, हे मीच सांगतो.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये मी एकटाच होतो. बाकीचे हौशी कलावंत आपापले काड्यापेट्यांचे ताजमहाल आणि भरतकामाचे मोर मांडून कपडे बदलायला घरी गेले होते. सहा वाजता मोठे साहेब येणार होते. रंग उडू नये म्हणून पंखे बंद, आणि चपला सगळ्यांच्या बाहेर. दोन विटांवर फळी टाकून मी रांगोळीवर ओणवा बसलो होतो. हेमंतचा चेहरा झाला होता. डोक्यावर पिवळंधमक हेल्मेट, मधोमध भेग. भेगेत लाल रंग भरत होतो.

खोत आला. मंडळाचा सेक्रेटरीही तोच होता.

"हे काय आहे?"

"हेमंत."

"ते दिसतंय मला. डोक्यावर काय काढलंयस?"

"होतं तेच."

"दिमाग फिरलाय का तुझा? साहेब येतायत सहाला!"

मी चिमटीतला रंग सोडत राहिलो. मग त्याचा अनवाणी पाय हेल्मेटवर पडला. चुकून नव्हे. टाच रोवून त्याने हेमंतच्या कपाळापर्यंत सगळं पुसून काढलं. मी त्याचा पाय धरला तर दुसऱ्या पायाची लाथ माझ्या तोंडावर बसली. एक दात जिभेवर आला. मी आडवा झालो, फळी कलंडली. त्याने त्याच फळीखालची वीट उचलली, माझा उजवा हात पायाखाली दाबला आणि वीट बोटांवर हाणली. दोनदा. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"धर आता चिमूट," तो म्हणाला.

मीही काही हात जोडून पडून राहिलो नाही. डाव्या हाताने फळी उचलली आणि त्याच्या कानशिलात घातली. रक्ताची धार लागली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो माझ्या उरावर बसला, त्याचे अंगठे माझ्या गळ्यात रुतले, आणि तेवढ्यात दारातून कपांचा आवाज आला.

मंदाकिनीवहिनी होत्या, हेमंतची बायको. पाहुण्यांच्या चहाचे कप ट्रेमध्ये घेऊन आल्या होत्या.

खोत उठला. "बघा ना वहिनी, हा नीळकंठ दारू पिऊन..."

वहिनींनी ट्रे नीट टेबलावर ठेवला. जमिनीवरचा नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग खोतचे पाय पाहिले. घोट्यापर्यंत पिवळे झाले होते.

"भाऊजी," त्यांनी मला विचारलं, "डोक्यावर काय होतं?"

"काही नव्हतं, वहिनी, चौकशीत..." खोत म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

"हेल्मेट," मी म्हणालो. "घातलं होतं त्याने. मी खोटी सही केली."

वाटलं, आता त्या खोतच्या अंगावर जातील. त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या फुटलेल्या तोंडावर थप्पड मारली. मग आणखी एक. मग मोजायचं मी सोडून दिलं. तेवढ्यात खोत सटकला.

"आठ महिने," त्या धापा टाकत म्हणाल्या, "आठ महिने त्यांच्या फोटोला हार नाही घातला मी. पोरगी रडली की मी सांगायचे, तुझ्या बापाने डोक्यावर एवढं घातलं असतं तर आज असता. रोज सांगायचे, भाऊजी. रोज."

मला रडू फुटलं. त्यांना नाही.

"काढा परत," त्या म्हणाल्या.

"हात मोडलाय, वहिनी."

"डावा आहे ना?"

त्यांनी फडकं धरलं, रंग गाळून दिला. मी डाव्या हाताने काढलं. वाकडंच झालं, पालथ्या पातेल्यासारखं. लोक जमू लागले, कुणी डॉक्टरकडे चल म्हणालं, कुणी केरसुणी आणली. वहिनींनी ती हिसकावून घेतली.

सहाला साहेब आले. रांगोळीसमोर थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. "ये कौन है?" त्यांनी विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंडातलं रक्त गिळलं. साहेबांना हाताने दाखवलं ते रांगोळीकडे नव्हे, दाराकडे. तिथपर्यंत गेलेली पिवळी पावलं अजून तशीच होती. मी तिथून सांगायला सुरुवात केली.