गेनबाचे राहिलेले भाडे

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. मार्केट यार्डातल्या हिंमतरावांच्या गुळाच्या दुकानात, टेबलाच्या खालच्या खणात मी पडून असतो. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. आयात खुली झाली त्या सुमारास मी पुण्यात आलो आणि दुकानाच्या हिशेबनीस कुसुमताईंनी मला विकत घेतले. स्वभावाने मी भित्रा आहे. आकडा चुकला की सारे आधी माझ्याकडे बघत, मग दुसरे काय होणार?

तरी ते दिवस चांगले होते. कुणी गुळाचे चिकट बोट मला लावले की कुसुमताई रागावत आणि ओल्या फडक्याने माझी बटणे पुसत. "हा आहे म्हणून मी वेळेवर घरी जाते," असे त्या म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

एखादा आकडा लक्षात ठेवायची सोय माझ्यात आहे. तो ठेवला की पडद्याच्या कोपऱ्यात 'एम' उमटतो. दरवर्षी मार्चअखेर कुसुमताई सगळ्यात आधी तिथे गेनबाचे राहिलेले भाडे ठेवत. गेनबा हा खराडीचा टेम्पोवाला. एका पावसाळ्यात त्याने आणलेल्या गुळाच्या ढेपा दुसऱ्या दिवशी भिजलेल्या निघाल्या. ताडपत्री नीट बांधली नाहीस, असे म्हणून हिंमतरावांनी भाडे अडवले. "ठेवा तुमच्यापाशीच," म्हणत गेनबा गेला, तो गेलाच. थोड्याच दिवसांत कळले की गोदामाचेच छप्पर गळत होते. पण खराडीला जाऊन तसे सांगणे हिंमतरावांना जमले नाही. ते दरवर्षी ते देणे पुढच्या वर्षात ओढत आणि म्हणत, "आपण काही बुडवलं नाहीये."

अशी बरीच वर्षे गेली आणि आयकर खात्याने विचारणा केली. दुकानाच्या कर सल्लागार शर्मिलाताई सदाशिव पेठेतून आल्या.

"ज्या वर्षीचं भाडं, त्या वर्षी तुम्ही ते खर्चात धरलंत. तेवढा कर वाचला. आता इतकी वर्षं कुणी मागायलाच आलं नाही, तेव्हा देणं संपलं, ते तुमचं उत्पन्न, असं आयकराच्या साहेबांचं म्हणणं आहे. रक्कम मोठी नाही. कर भरा आणि मोकळे व्हा."

"कर भरेन. पण गेनबाचं भाडं ही माझी कमाई, असं सही करून देणार नाही."

"मग देणं अजून उभं आहे, अशी गेनबांची सही आणा. खराडी काही पुण्यातून हललेली नाही, हिंमतराव."

आम्ही सगळे खराडीला निघालो. मी कुसुमताईंच्या पर्समध्ये होतो. गेनबा हयात असेल का, ही काळजी सगळ्यांना होती. माझा सेलही उतरला होता आणि 'एम' फिकट झाला होता. मी विझलो तर आकडा जाईल, या धास्तीने मी अर्धा झालो.

खराडीत ज्वारीच्या रानात काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या. गेनबाने जमीन विकून नवे घर बांधले होते. तो ओट्यावरच बसला होता. हिंमतरावांनी भाड्याचा विषय काढताच तो हसला.

"राहू द्या. सोडलं मी. देवानं लई दिलंय आता."

शर्मिलाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, असं म्हणू नका. तुम्ही सोडलंत की ते यांचं उत्पन्न झालं."

"मंजी मी मोठेपणा केला, तर ह्यांना भुर्दंड?"

"कायदा तसाच आहे."

गेनबा हिंमतरावांकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "पैशाचं काय न्हाई. ताडपत्री मी नीट बांधली व्हती."

हिंमतराव आता उठून जातात की काय, असे मला वाटले. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "बांधली होतीत. छप्पर माझं गळत होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

गेनबाने हात पुढे केला. "आणा मग. हे माझं हाय."

कुसुमताईंनी मला बाहेर काढून आकडा दाखवला, तेवढे पैसे दिले आणि पावतीवर गेनबाची सही घेतली. मग त्यांनी एक बटण दाबले आणि 'एम' गेला. मला हलके वाटले. पावती पाहून साहेबांनीही तो विषय मिटवला.

पुढे दुकानात संगणक आला आणि मी खणात गेलो. मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र ठेवून देताना त्यातला सेल काढून ठेवत जा. तो आतल्या आत गळतो आणि सगळे खाऊन टाकतो. माझा अजून कुणी काढलेला नाही, मला त्याचीच भीती वाटते. आणि कुणाचे देणे असेल, तर नुसता आकडा जपत बसू नका. समोरचा माणूस 'राहू द्या' म्हणायच्या आत जाऊन देऊन या.