दाढेतले सात किडे

भांडुपच्या टेकडीखालच्या मैदानात त्या शनिवारी सकाळी नऊलाच रांग लागली. रांगेत कितीतरी जण गालाला हात लावून उभे. पुढे मांडव, मांडवात चौरंग, चौरंगावर भगवा फेटा बांधलेले मार्तंड महाराज. ना पक्कड, ना सुई, ना औषध. नुसत्या धुराने दातातला किडा जिवंत बाहेर काढायचा, ही त्यांची ख्याती. निम्मी रांग दुखणाऱ्यांची आणि निम्मी मोबाइल उंच धरून चित्रीकरण करणाऱ्यांची होती.

महाराजांची जीभ धुरापेक्षा जास्त चाले. "किडा दिसत नाही म्हणून नाही म्हणू नका. हवा दिसते का? देव दिसतो का? डॉक्टर दात उपटतो आणि किडा हिरडीत तसाच ठेवतो, म्हणजे पुढच्या महिन्यात तुम्ही परत त्याच्या दारात!" लोक माना डोलावत होते. ज्यांचे दात शाबूत होते, ते जरा जास्तच.

या रांगेत धाकू उभा होता, सहा वर्षांच्या जान्हवीचा हात धरून. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी करून धाकू आता घरी बसला होता. मुलगा प्रीतम बोटीवर नोकरीला, सून श्वेता मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत नात आजोबांच्या ताब्यात. तिची खालची उजवी दाढ चार दिवस ठणकत होती. श्वेताने कामावर जाताना बजावून सांगितलं होतं, अकरा वाजता डॉक्टर सेलिनाकडे नंबर लावलाय, चुकवू नका. धाकू हो म्हणाला आणि नातीला घेऊन इथे आला.

डॉक्टरला तो घाबरत होता ते सुईमुळे नव्हे. डॉक्टर विचारणार, पोरगी खाते काय? आणि त्याचं उत्तर धाकूजवळ होतं. दुपारी जान्हवी झोपायला फार छळायची. गाणं झालं, गोष्ट झाली, धाकूचे डोळे मिटायला लागले तरी हिची बडबड चालूच. मग त्याने मालवणी माणसाचा उपाय केला. जत्रेतून आणलेल्या खाज्याचा गूळ लावलेला तुकडा तिच्या गालात ठेवून दिला. "चघळत ऱ्हव, आणि नीज गो बाय," म्हणाला. पाच मिनिटांत पोरगी गाढ. तेव्हापासून दोन वर्षं हे रोज चाललं होतं. श्वेता तिचे दात सकाळ-संध्याकाळ स्वतः घासून द्यायची आणि दुपारी गोड द्यायचं नाही असं तिने निक्षून सांगितलं होतं. म्हणून धाकूने नातीला शिकवलं होतं, आईला सांगायचं नाही, ही आपली दोघांची गंमत.

त्यामुळे किड्याची कल्पना त्याला फार आवडली. किडा कुठूनही येतो. किड्याला आजोबा लागत नाही.

नंबर आला. चेल्याने तापलेल्या कौलाच्या तुकड्यावर तूप सोडलं, चिमूटभर बिया टाकल्या आणि वर नळी लावलेलं मडकं पालथं घातलं. नळीतला धूर जान्हवीच्या तोंडात गेला. ती खोकली, रडली. महाराजांनी मंत्र पुटपुटत मडकं उचललं आणि परातीतल्या पाण्यात खंगाळलं. पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे तरंगू लागले. चेल्याने सात मोजले. बायांनी हात जोडले.

"ही हिमालयातली बी," महाराज म्हणाले. "बाहेर कुठे मिळायची नाही."

चेल्याच्या मुठीतलं सुकलेलं पिवळं फळ धाकूने पाहिलं होतं. ते हिमालयातलं नव्हतं, रिंगणीचं होतं. ही काटेरी रिंगणी त्याच्या गावच्या बांधावर माजलेली असे. गुरं राखताना पोरं तिच्या बिया निखाऱ्यावर टाकत; तापलेली बी फुटे आणि आतून पांढरा कोंब उडी मारून बाहेर येई. त्याला 'किडे पाडणे' म्हणत, आणि जास्त किडे कोण पाडतो याची पैज लागे. हे सगळं धाकूला त्याच क्षणी आठवलं, आणि त्याच क्षणी त्याने ते विसरायचं ठरवलं. माणसाला सोयीचा चमत्कार भेटला की त्याची स्मरणशक्ती दगा देते, ती अशी. किडे काडेपेटीत भरून तो घरी आला.

महाराजांनी दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला होता आणि नऊ दिवस डॉक्टरकडे जायचं नाही असा दम दिला होता. तेलाने दाढ दिवसभर बधिर झाली. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, अशी थाप धाकूने सुनेला मारली. सोमवारी सकाळी जान्हवीचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

श्वेता कामाला दांडी मारून तिला घेऊन धावली. मागून धाकू. डॉक्टर सेलिनाने पू काढला, औषध सुरू केलं आणि दाढ काढावी लागणार हे स्पष्ट सांगितलं. शनिवारी आणली असती तर कदाचित वाचली असती, म्हणाली.

"शनिवारी आणलीच होती ना?" श्वेताने सासऱ्याकडे पाहिलं.

"माझे किडे आजोबांकडे आहेत," जान्हवी सुजलेल्या तोंडाने म्हणाली.

काडेपेटी बाहेर आली. डॉक्टरने भिंग लावून पाहिलं. याला तोंड नाही, पोट नाही, हा कुठल्या तरी बीचा कोंब आहे, ती म्हणाली. धाकूने मान खाली घालून रिंगणीची हकिगत सांगितली. पण अर्धीच.

डॉक्टर श्वेताला समजावत होती. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात, ते दात पोखरतं. गूळ असला तरी तेच. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड चिकट काही गालात राहिलं तर त्याच बाजूच्या दाढा जातात. "असं काही खाऊन झोपते का ही?"

"नाही हो डॉक्टर. मी स्वतः दात घासते तिचे," श्वेता म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मीच कुठेतरी कमी पडते. दिवसभर बाहेर असते ना."

जान्हवीने आजोबांकडे पाहिलं. गंमत तिच्या ओठांवर होती. पण वचन दिलेलं, म्हणून एवढ्या वेदनेतही ती पोर गप्प बसली. धाकूही गप्प बसला.

पुढचा शनिवार आला, मैदानात पुन्हा रांग लागली. धाकूने काष्ठौषधींच्या दुकानातून रिंगणीचं बी आणलं, शेगडी घेतली आणि पोरीसाठी रजेवर असलेल्या श्वेताला म्हणाला, चल, पोरीलाही घे. "गेल्या शनिवारी इथे सात किडे काढले, तरी माझ्या नातीची दाढ काढावी लागली," असं ओरडून सांगत मांडवासमोर त्याने शेगडी पेटवली, वर लोखंडी तवा, तव्यावर तूप आणि बी, वर पालथं भगुणं. ना मंत्र, ना दात. भगुणं त्याने पाण्याच्या ताटात खंगाळलं. किडे तरंगले. रांगेतल्या एकाने मोजले, अकरा निघाले.

"तव्याचे दात किडलेत म्हणायचे," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

पण मार्तंड महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते चौरंगावरून उतरून आले. "बीचं राहू दे. तुझ्या नातीची दाढ गेली ना? किडा नव्हता, तर ती खाल्ली कुणी? सांग सगळ्यांना."

हसू थांबलं. लोक धाकूकडे बघू लागले. उत्तर दिलं नाही तर ही रांग पुन्हा महाराजांची, आणि दिलं तर श्वेता चार पावलांवर उभी होती.

"मी खाल्ली," धाकू म्हणाला. "दोन वर्षं रोज दुपारी हिच्या गालात खाजा ठेवून निजवत होतो. मला जरा डोळा लागावा म्हणून. आईला सांगू नको असं हिला शिकवलं. किडा निघाला तेव्हा मला बरं वाटलं, कारण मग दोष माझा नव्हता. तुमच्यापैकी कुणी पोराच्या हातात झोपताना बिस्किट देत असेल, बाटली देत असेल, पेप्सी देत असेल. किडा काढणाऱ्याला शोधू नका. पोराच्या तोंडात रोज काय जातं ते बघा, झोपण्याआधी दात घासा, आणि दुखलं तर डॉक्टरकडे जा. लाज वाटली तरी जा. मला वाटली म्हणून ही दाढ गेली."

रांगेतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन निघाली. तिच्या मागून आणखी दोघं निघाले. चेल्याने परात आवरायला घेतली.

श्वेता जवळ आली. ती रागावली होती, आणि तो राग लपवायची तिला गरज वाटली नाही.

"आप्पा, पाच दिवस मी स्वतःला दोष देत रडले. तुम्ही बाजूच्या खोलीत होतात. तुम्हाला ऐकू येत होतं."

"येत होतं," धाकू म्हणाला.

तिने जान्हवीला पुढे केलं. "आधी हिला सांगा," ती म्हणाली. "तुला आईपासून लपवायला लावलं, चुकलं माझं, असं सांगा."

धाकू मैदानातल्या धुळीत नातीसमोर उकिडवा बसला आणि त्याने ते सांगितलं.