झऱ्याचं पाणी

टँकर नामंजूर झाल्याचा कागद दुसऱ्यांदा हातात पडला, तेव्हा दुर्गाबाईनं तो वाचलासुद्धा नाही. चुरगाळून साहेबाच्या टेबलावर फेकला.

एप्रिल निम्मा सरला होता. केळना नदीच्या काठावर तिची साठ-सत्तर घरांची वाडी, आणि बायका दीड कोसावरून डोक्यावर पाणी वाहत होत्या. शेजारच्या रहिमुन्निसाच्या सुनेला सातवा महिना लागला होता, तरी तिच्या दोन खेपा चुकत नव्हत्या. म्हणून आज दुर्गाबाई आणि रहिमुन्निसा वाडीतर्फे तालुक्याच्या कचेरीत आल्या होत्या.

"कशापायी नामंजूर? आमी पाणीच मागून राह्यलो ना, का तुमची खुर्ची मागितली?"

भूजलाचं काम बघणारा हा साहेब, राजानंद, वयानं तिच्या मुलाएवढा. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तालुक्यात पाऊस सत्त्याण्णव टक्के झालाय. आणि तुमच्या गावची पाण्याची पातळी पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा वर आहे. टंचाईत बसतच नाही."

टक्के ऐकून तिचं डोकंच फिरलं. म्हणे सत्त्याण्णव टक्के! जून कोरडा गेला, जुलैत नुसते शिंतोडे, पोळ्यापर्यंत आभाळाकडे बघून माना अवघडल्या. मग सप्टेंबरात तीन दिवसांत वर्षाचा पाऊस एकदम कोसळला. बांध फोडून, मातीसकट केळनेत गेला, केळनेतून पूर्णेत. जमिनीला घोट गिळायला तरी उसंत नको? पण पर्जन्यमापक भरला, की कचेरीची तहान भागली.

"तुमच्या डब्यात पडला त्यो पाऊस, आमच्या जमिनीत न्हाई मुरला," ती टेबलावर हात आपटत म्हणाली. "समद्या इहिरींचे तळ दिसून राह्यले. आन् पातळी वर? कुण्या येड्यानं मोजली?"

राजानंदनं रजिस्टर ओढलं. "प्रत्येक गावात आम्ही एक विहीर ठरवलेली असते. वर्षातून चारदा तिच्यात टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतो. तिच्यावरून गावाचं ठरतं. तुमच्याकडं या दिवसांत पाणी नऊ मीटरवर असतं. यंदा साडेचारवरच लागलं." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "विहीर तुमचीच आहे, मावशी. तारीख सत्तावीस मार्च. शेरा बघा. मालकिणीस विचारले, बाहेरचे पाणी सोडलेले नाही, झऱ्याचे आहे."

दुर्गाबाईनं टेबलावरचा हात मागं घेतला.

सत्तावीस मार्चला तिच्या तृप्तीला बघायला कुंभार पिंपळगावकडचे पाहुणे आले होते. इकडचे पाहुणे चहाच्या आधी विहिरीत डोकावतात. मुलगी नंतर, विहीर आधी. म्हणून तिनं दोन दिवस बोअरचा पाइप विहिरीत सोडून ठेवला होता. नवरा भिवा कळवळून सांगत होता की बोअर आटेल, जनावरांना काय पाजशील. तिनं कानावर घेतलं नाही, आणि आठवड्यात बोअर आटलाच. पाहुणे कठड्याशी उभे असतानाच कचेरीचा टेपवाला आला. "बोअरचं सोडलंय का?" त्यानं सरळ विचारलं. मुलाचे वडील राधेश्याम कान टवकारून उभे होते. ती ठसक्यात म्हणाली, "न्हाई बा, झऱ्याचं हाय." टेपवाल्यानं लिहून घेतलं, चहा पिऊन गेला; ते कशासाठी, हे तिनं विचारलंही नाही. सोयरीक जुळली.

इतके दिवस ती सरकारच्या नावानं बोटं मोडत होती. आणि कागदावर खोटं होतं ते तिच्याच तोंडचं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं. त्या टेपवाल्याचाही राग आला, एका विहिरीवर अख्खं गाव तोलणाऱ्यांचा आला, आणि मुलीच्या आधी विहीर बघणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त.

"मी पाइप पाह्यल्ता, दुर्गाबाई," रहिमुन्निसा हळूच म्हणाली. "वाटलं, पोरीचं लग्न हाय, कशाला बोला. पण माझी सून हंडे वाहून राह्यली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुर्गाबाईला तिच्याकडे बघवेना. लग्नाला पंधरा दिवस उरले होते. आज इथं खरं लिहून दिलं, तर ते उद्या ग्रामसभेत वाचलं जाणार आणि परवा व्याह्यांच्या कानावर जाणार. कोरड्या विहिरीची आणि खोट्या आईची मुलगी कोण करतो?

"लिव्हा," ती राजानंदला म्हणाली. "ते पाणी बोअरचं व्हतं. मी खोटं बोलले. बिलकुल तसंच लिव्हा."

तिनं सही केली. गुरुवारी येऊन पुन्हा टेप टाकतो, म्हणजे प्रस्ताव पुढं पाठवता येईल, असं राजानंदनं कबूल केलं. व्हरांड्यात येताच तिनं राधेश्यामांना फोन लावला. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं.

"व्याही, तुमी पाह्यलं ते पाणी बोअरचं व्हतं. इहीर ठणठणीत कोरडी हाय. काय बोलायचं ते आताच बोला."

पलीकडं राधेश्याम खाकरले. "ताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुमी आमचं घर बघायला आल्ता ना, तवा आमी बी दोन टँकर इकत आणून इहिरीत ओतल्ते." आणि ते हसले. सुटल्यासारखे, मोकळे हसले.

दुर्गाबाईला हसू आलं नाही. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"तुमच्या गावच्या बाया पाणी कुठून आणतात?"

"जातात की लांब, मळ्याकडं."

"आन् त्यांच्या देखत तुमी दोन टँकर मला दाखवायला ओतले?"

"अहो ताई, रीतच हाय ती..."

"मंग ऐका. मी माझं खोटं आज सही करून दिलं. मांडव पडायच्या आत तुमी बी गावासमोर उभं राहून सांगा, आमची इहीर कोरडी हाय म्हणून. सांगितलं तर लग्न. न्हाई सांगितलं, तर असल्या घरात मी पोरगी देत न्हाई."