कागदाची कुहू

गवताच्या गोल कड्यातून ऋजुता बाहेर पडली तेव्हा तिच्या कडेवरची कुहू कागदाची झाली होती.

टोपी, डोळे, रुसलेला ओठ, सगळं जागच्या जागी होतं. फक्त पोरगी चपटी, आणि वारा आला की फडफडायची. ताप मात्र तसाच. कागद हाताला चटके देत होता.

त्या तापापायीच तर तिघं समुद्रकाठच्या या जपानी देवळात आली होती. उन्हाळ्याच्या सणाला इथे गवत वळून केलेल्या, माणसाहून उंच गोल कड्यातून तीनदा वळून जातात, मग कागदी बाहुलीवर फुंकर घालतात. दुखणं बाहुलीत उतरतं, बाहुली नावेतून समुद्रात जाते.

"कुठून वळलीस गं?" शेजारच्या हानाए आजींनी विचारलं.

"उजवीकडून. प्रत्येक वेळी."

"प्रदक्षिणा घातलीस की काय!" कौस्तुभ म्हणाला. "बायको, हे काय आपलं गणपतीचं देऊळ आहे?"

"आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग परत डावीकडून," आजी म्हणाल्या. "होतं असं. पुन्हा जा. पण नाव सुटायच्या आत हं, पोरी."

खाली गवताची नाव कागदी बाहुल्यांनी भरली होती. पुजाऱ्याने हात पुढे केला. "घरटी एक लागते. तुमची राहिलीय." तो कुहूकडे बघत होता.

"ही नाही," ऋजुता म्हणाली आणि कड्याकडे धावली.

डावीकडून वळली, तशी कुहूच्या पावलांना बोटं फुटली. उजवीकडून वळली, तसे गाल भरले; ऋजुताच्या चपला मात्र मागे वाळूत राहिल्या, पाय त्यांतून अलगद निसटले होते. शेवटच्या वळणावर कुहू कडेवरून घसरली, कारण कडेला आता जाडीच नव्हती.

कुहू वाळूत उभी राहिली. गुबगुबीत. कपाळ गारेगार.

"उतरला गं ताप!" कौस्तुभ ओरडला.

ऋजुताला इतकं भरून आलं की तिने समुद्राला हात जोडले. हात एकमेकांवर सपाट बसले, पुन्हा सुटले नाहीत. देवा, तुझे उपकार, ती म्हणाली, आणि नुसती सळसळ झाली.

वाऱ्याने ती उडणार, तोच कुहूने तिचा कोपरा मुठीत धरला.

"गलम," कुहू म्हणाली.

गरम लागलं की काय करायचं, हे ऋजुतानेच तिला मऊभाताच्या वाटीपाशी शिकवलं होतं. पुजारी हात पुढे करून थांबला होता. कुहूने कागद तोंडाजवळ नेला आणि ओठांचा चंबू केला.