हळदकुंकवाची फ्लॉपी

माझ्या दुकानात माणसं रडायलाच येतात, असं मी घरी म्हटलं की सगळे हसतात. हसा बापड्यांनो. सांगलीच्या विश्रामबागेत एका क्लासच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्क, घासलेल्या सीडी, जुन्या फ्लॉप्या, यांच्यातून काही निघतंय का ते बघायचं, हा माझा धंदा. निम्म्या वेळा काहीच निघत नाही. मग लोक माझ्याकडे असे बघतात की जणू त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो मीच गिळले. खरं सांगू? मला आता कंटाळा आलाय. कुणाचं काय गेलं हे ऐकून ऐकून कान किटलेत.

गुणमालाकाकू आल्या तेव्हा मी जेवायला घरी जायच्या बेतात होते. मागं त्यांचे यजमान धरणेंद्रअण्णा, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेले. अण्णांना मी लहानपणापासून ओळखते. कुस्तीच्या मैदानात ते माइक घेऊन उभे राहायचे. कुठला पैलवान, कुणाचा पोरगा, कुठल्या तालमीचा, कुठला डाव टाकतोय, सगळं असं सांगायचे की आंधळ्याला कुस्ती दिसावी. अब्बा मला खांद्यावर बसवून मैदानाला न्यायचे ते कुस्तीसाठी कमी आणि अण्णांसाठी जास्त. मागच्या वर्षी गळ्याचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

"सुमैरा, घर खायला उठतंय बघ," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या. "जावई सांगत हुता, आवाजाचा नमुना दिला की मोबाइल माणसाच्या आवाजात बोलतोय म्हणं. ह्यांनी लिवायचं आन् त्यानं बोलायचं. खरं हाय का?"

"खरं आहे काकू. नमुना आहे का पण?"

"कॅसेटी हुत्या. पुरात गेल्या सगळ्या."

"मोबाइलवरचे व्हिडिओ?"

"मोबाइल आले तवा ह्यांचा गळा बसलेलाच हुता. निस्ती घरघर हाय त्यात. मला तसला आवाज नगं. मला ह्यांचा पाहिजे."

अण्णांनी हातानं 'राहू दे' अशी खूण केली. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हात खाली घेतला. मग मोबाइलवर एका बोटानं सावकाश काहीतरी लिहून माझ्यापुढं धरलं. साताऱ्यात मानसिंग हवालदार म्हणून एक रिटायर फौजी होता. पूर्वी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. साताऱ्याच्या मैदानानंतर त्यानं अण्णांना क्लासवर नेलं होतं आणि पोरांना गंमत दाखवायला त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून एका फ्लॉपीवर उतरवून घेतला होता.

मी तिथूनच फोन लावला. हवालदार पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलले की अण्णांनाही ऐकू गेलं. "हाय की! जिवापाड जपलीय. पर पोस्टानं न्हाई द्यायचो. सोता या."

आता साताऱ्याला जायचं म्हणजे दुकान बंद, आणि एसटीत बसले की माझी पाठ धरते. पण काकूंचं तोंड बघून नाही म्हणवेना. तिघं गेलो.

हवालदारांच्या देवघरात देवांच्या शेजारी त्यांची पदकं होती आणि पदकांच्या शेजारी खणात गुंडाळलेली ती फ्लॉपी. बघून मला बरं वाटलं. धूळ नाही, बुरशी नाही, कुठं चीर नाही. मी अंगठ्यानं तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं. आतली तपकिरी चकती लाल-पिवळी झाली होती.

"हवालदार, हे काय आहे?"

"हळदकुंकू," ते अभिमानानं म्हणाले. "खंडेनवमीला हत्यारं पुजायची आमची रीत हाय. पलटणीत हुतो तवा बंदूक पुजायचो, क्लास काढला तवापासनं कॉम्प्युटर. क्लास बंद झाला, कॉम्प्युटर भंगारात गेला, पर हिची पूजा चुकवली न्हाई. दरसाल."

"अहो, पण झाकण उघडून आत कशाला लावलंत? त्या चकतीला नुसतं बोट लागलेलंसुद्धा चालत नाही! वरनं लावायचं!"

"वर निस्तं प्लॅस्टिक हाय, म्याडम," हवालदार म्हणाले. "अण्णा आत हाईत."

तोंडाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या. हवालदारांना हळूहळू काहीतरी चुकल्याचं कळलं आणि तो उंचापुरा माणूस भिंतीला टेकून मटकन खाली बसला. अण्णा हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. त्यांनी हवालदारांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

जैनांत अंधार पडल्यावर जेवत नाहीत, म्हणून परतीच्या एसटीत काकूंनी दिवस मावळायच्या आत डबा उघडला. मलाही धपाटं दिलं. "निघंल नव्हं गं?" त्यांनी विचारलं. मी तोंडात घास आहे असं दाखवून खिडकीबाहेर बघितलं.

मग सुरू झाली माझी हमाली. फ्लॉपीचं कवच फोडलं, चकती बाहेर काढली, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसली, दुसऱ्या कवचात घातली. ड्राइव्हला लावली की खर्रर्र. राहिलेलं कुंकू आतल्या वाचणाऱ्या टोकाला चिकटायचं. परत ड्राइव्ह उघडा, परत पुसा, परत लावा. त्यात माझ्याकडचा चालू ड्राइव्ह हा एवढा एकच, मिरजेच्या भंगारातून आणलेला. तो गेला की खेळ खल्लास. सांगलीत जन्म काढला, हळदीच्या वासात वाढले, पण हळदीचा एवढा राग कधी आला नव्हता. मान अवघडली, डोळ्यांची आग झाली. रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. एकदा मी त्यांच्यावर खेकसले, "काकू, जादू आहे का माझ्याकडे?" फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

शेवटी निघालं ते असं निघालं. "टाळ्या वाज" एवढंच. मग "गडी उठला" आणि पुढं खरखर. मग कुठल्यातरी पैलवानाचं अर्धं नाव. जिथं बोट लागलं होतं तिथं तिथं अण्णा नव्हतेच. असे तुकडे वेचून वेचून एकापुढं एक लावले आणि मोबाइलच्या त्या ॲपला दिले. नमुना कमी आहे म्हणून त्यानं कुरकुर केली, पण घेतला. मी भीतभीत 'पाणी आलं का' असं लिहून बटण दाबलं. दुकानात अण्णा बोलले. अब्बांच्या खांद्यावरून ऐकलेला तोच आवाज, तसाच खणखणीत.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. अण्णांनी मोबाइल घेतला, पाठ वळवली आणि बराच वेळ लिहीत बसले. मग काकूंच्या समोर येऊन बटण दाबलं.

"गुणमाला, तू माझं लय केलंस."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूंकडे बघते तर त्यांचा चेहरा पार उतरलेला.

"हे न्हाईत हे," त्या म्हणाल्या.

"काकू, आवाज तोच आहे हो. नीट ऐका तरी."

"आवाज त्योच हाय. पर लगीन झाल्यापासनं ह्यांनी मला कवा नावानं हाक मारली न्हाई. मैदानात समद्या गावांच्या पोरांची नावं घ्यायचे, त्यांच्या बापाची घ्यायचे. माझं न्हाई घेतलं कवा. हे दुसरंच कुणीतरी बोलाय लागलंय. बंद कर, सुमैरा."

खरं सांगते, मला भयंकर राग आला. एवढं रक्त आटवलं ते ह्यासाठी? मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला, पण अण्णांनी तो दिला नाही. ते काकूंकडे बघत राहिले. मग लिहिलेलं पुसलं, दुसरं काहीतरी लिहिलं, थोडंसंच, आणि बटण दाबलं.

"अगं ए, चहा टाक की."

"टाकते," म्हणत काकू उठल्या, पदर खोचला, दोन पावलं गेल्या आणि माझ्या दुकानाच्या मधोमध थबकल्या. समोर नुसती हार्ड डिस्कची खोकी. त्यांनी पदर काढून तोंडाला लावला. पाठ गदगद हलायला लागली.

अण्णांनी पुन्हा बटण दाबलं.

"आवं, टाकते म्हनलं न्हवं!" काकू रडत रडत त्यांच्यावर ओरडल्या.