मिठीत न कळणारं पिस्तूल

दुकानात येणारा प्रत्येक जण लहान पिस्तूल मागतो आणि प्रत्येक जण चुकीच्या टोकाकडे बघतो. काचेवर पिस्तूल ठेवलं की नळीला बोट लावणार, "ही जरा लांब वाटते," म्हणणार. अरे बाबा, नळी जाते पँटच्या आत. ती वीतभर असली तरी कुणाला दिसणार आहे? पट्ट्याच्या वर उरते ती मूठ. तीच शर्टाला टोचते, आणि माणूस वाकला की कमरेवर तंबू उभा राहतो. मूठ आखूड हवी, अंग पातळ हवं, बाकीचं सगळं नंतर. पण मूठ आखूड केली की गोळ्या कमी मावतात, करंगळी हवेत लटकते, आणि वजन कमी झालं की बार उडताना मनगटाला हिसका बसतो तो वेगळाच. म्हणजे जे लपवायला सोपं ते चालवायला अवघड. नवऱ्याच्या माघारी हे दुकान चालवायला लागल्यापासून मी हेच सांगत आले आहे. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि आखूड नळीचंच घेऊन जातात. मी वाद घालत नाही.

वर्लन प्रूइट मात्र नळीबद्दल चकार शब्द बोलला नाही. हमरस्त्याच्या कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप त्याचा. उजव्या कमरेला भलंमोठं पिस्तूल लावून तो इतकी वर्षं गावात फिरतोय की ते त्याच्या पोटासारखंच झालंय, कुणी वेगळं बघत नाही. आला तो थेट काउंटरपाशी.

"ट्विला, मिठी मारली तरी कळणार नाही असं काहीतरी दाखव."

"कुणाची मिठी?" कॉफीच्या भांड्याजवळच्या खुर्चीतून डब ओरडला. डब निवृत्त माणूस, सकाळ माझ्या दुकानात काढतो आणि एक काडतूसही विकत घेत नाही. "या वयात कोण गळाला लागली रे तुझ्या?"

"तोंड सांभाळ. केंड्राची. लग्नात बापलेकीचा नाच असतो."

केंड्रा त्याची एकुलती एक. लग्न दीड आठवड्यावर आलेलं. तिने बापाला एकच अट घातली होती, आणि ती गावभर झाली होती, कारण तिने ती चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून घातली होती: त्या दिवशी अंगावर पिस्तूल नको. असलं तर मला नाचताना कळेल, आणि कळलं की मी तिथल्या तिथे नाच सोडून निघून जाईन. वर्लनने शब्द दिला होता.

"शब्द दिलायस ना?" मी विचारलं.

"दिलाय."

"मग?"

"मग काय? तिला कळलं नाही म्हणजे पाळल्यासारखंच झालं."

डब खो खो हसला. मला हसू आलं नाही, कारण मला मूळ ठाऊक होतं. केंड्रा नऊ वर्षांची असताना पंपावर दरोडा पडला होता. ती काउंटरमागे बसून गृहपाठ करत होती. दोघं जण आले, एकाने तिच्या डोक्याला पिस्तूल लावलं आणि दुसऱ्याने गल्ला रिकामा केला. वर्लनचं पिस्तूल त्या वेळी बाहेर त्याच्या पिकअप ट्रकमध्ये होतं. कुणाला ओरखडाही उमटला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या कमरेला चिकटलं. तेव्हापासून तो माणसांना अर्धीच मिठी मारतो. डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे, म्हणजे समोरच्याच्या हाताला लोखंड लागू नये. आमच्याकडे असे बरेच आहेत. चर्चच्या दारात रविवारी बघा, निम्मं गाव खेकड्यासारखं तिरकं भेटत असतं.

मी सगळ्यात पातळ पिस्तूल काढलं. खिशातल्या पाकिटापेक्षा थोडं जाड, एवढंच. वर्लनच्या पंजात ते हरवूनच गेलं.

"हे खेळणंय," तो म्हणाला.

"मिठीत न कळणारं मागितलंस. तोफ मागितली असतीस तर तोफ दिली असती. खोच."

त्याने कमरेचं मोठं काढून काउंटरवर ठेवलं, नवं रिकामं आहे ना ते तपासलं आणि पट्ट्याच्या आत, पुढच्या बाजूला खोचलं. मी काउंटरच्या मागून बाहेर आले.

"आता मी केंड्रा. नाच माझ्याशी."

"डब बघतोय."

"बघू दे. त्याला दुसरं काम काय आहे?"

तर मग छऱ्यांच्या खोक्यांच्या आणि शिकारीच्या टोप्यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात आम्ही दोन म्हातारे नाचलो. मी पोटाशी टेकले तशी मूठ लागली. मग त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, कोट एका बाजूला ओघळला. मग घोट्याला बांधलं. ते मात्र छान लपलं. मी चवड्याने चाचपूनही मला सापडेना.

"झालं तर!" डब म्हणाला. "जिंकलास लेका."

"नाही झालं," मी म्हणाले. "वर्लन, तुझं कोपर बघ."

पिस्तूल घोट्याला होतं आणि त्याचं उजवं कोपर कमरेला दाबलेलं होतं, जिथे नेहमीचं असतं तिथे. मी हात धरून वर केला. दोन पावलं झाली नाहीत तो कोपर परत खाली. शिवाय नाचताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होता.

"पिस्तूल लपलंय," मी म्हणाले. "तू कुठे लपतोयस? तिला लोखंड लागायची गरजच नाही, ती तुझं कोपर बघूनच ओळखेल."

"मी लक्ष ठेवेन कोपरावर."

"वर्लन, घरी ठेवून जा. एक दिवस. पास्टरकडे असतं, माझ्या पर्समध्ये असतं, तुझ्या मेव्हण्याकडे दोन असतात. त्या लग्नात चिमणी शिरली तरी जिवंत परत जायची नाही."

"तेव्हाही गावात सगळ्यांकडे होती," तो म्हणाला. "पंपावर कोण होतं?"

त्याने घोट्याचा पट्टा आणि ते खेळणं दोन्ही घेतलं आणि तो गेला. मला त्याचा राग आला होता. पोरगी एवढं तोंडाने मागतेय आणि हा शहाणा तिला फसवायला माझ्याच दुकानात येतो!

लग्न शनिवारी दुपारी लागलं. जेवण चर्चमागच्या मोठ्या पत्र्याच्या हॉलमध्ये होतं. आम्ही बाप्टिस्ट, त्यामुळे दारू नाही. गोड चहा, धुरावर शिजवलेलं गोमांस, घेवडा, बटाट्याचं सॅलड आणि टेबलाएवढा केक. मी ट्रक लावत होते तेवढ्यात काचेवर टकटक झाली. वर्लन, नव्या कोटात. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीतून आत हात घातला. आधी मोठं पिस्तूल माझ्या मांडीवर ठेवलं, मग वाकून घोट्याचं सोडून तेही ठेवलं.

"कुलपात ठेव. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मी मागितली तरी देऊ नकोस."

"नक्की?"

"आता विचारू नकोस ना बाई!"

मी दोन्ही पिस्तुलं ट्रकच्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं. तो हॉलकडे चालत गेला तो भर बाजारात पँट सुटलेल्या माणसासारखा, पाय कसे टाकावेत तेच कळेना. माझा राग तिथेच गेला.

जेवणं झाली आणि नाचाची वेळ आली. केंड्रा मधे येऊन उभी राहिली. वर्लन आला, तिला डाव्या बाजूने धरलं, गाणं सुरू झालं. पहिल्याच कडव्यात मी पाहिलं. कोपर खाली. घट्ट. नजर दाराकडे. मी मनात म्हटलं, मेल्या, वर उचल ते कोपर.

केंड्राने ते माझ्याआधीच पाहिलं असावं. ती थांबली. गाणं चालूच होतं.

"डॅडी, तू शब्द दिला होतास."

"नाहीये गं माझ्याकडे."

"मी काय आंधळी आहे? तुझा हात बघ."

"देवाशपथ नाहीये."

"चर्चच्या आवारात तरी खोटं बोलू नकोस." तिचे डोळे भरून आले होते. तिने पदर धरावा तसा लांब झगा मुठीत धरला आणि ती जायला वळली.

मी किल्ली घेऊन पुढे निघाले होते. सांगणार होते की दोन्ही माझ्या ट्रकमध्ये आहेत, चल दाखवते. पण मी पोहोचायच्या आत ती परत फिरली. तिने बापाच्या कोटाची उजवी बाजू उचलली. रिकामी. पाठीवर हात फिरवला. दोन्ही काखा चाचपल्या. मग सगळ्या गावासमोर, अंगावर पांढरा झगा असताना, ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने त्याचे दोन्ही घोटे चाचपले. वर्लन हात वर करून उभा होता, तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीही हसलं नाही. डबसुद्धा नाही.

ती हळूच उठली.

"मग हात असा का धरतोस?"

त्याने स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. "मला नाही माहीत, बाळा. तो आपोआप जातो."

तिने त्याचा उजवा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला आणि उजव्या बाजूने, जिथून तिला कधीच जवळ येता आलं नव्हतं, तिथून ती त्याच्याजवळ आली. कोपर परत खाली गेलं. तिने परत वर घेतलं. ते परत गेलं. मग तिने नाद सोडला आणि त्याचं कोपर आणि कमर यांच्या मधे आपलाच हात घातला, आणि तो काढला नाही. त्याने तिचा हात दाबून धरला. तिला नक्की दुखत असणार, पण ती हलली नाही. छातीला छाती लावून, नाच कसला, दोघं नुसतेच डुलत उभे होते.

मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. वर्लनने पहिल्यांदाच दारावरची नजर काढून खाली पाहिलं. तिचं डोकं त्याच्या हनुवटीला लागत होतं.

"केवढी उंच झालीस गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू अजून माझ्या पट्ट्यापर्यंतच येतेस."