जावळ

फाल्गुनातली कोवळी, केशरवर्णी सकाळ. दवाखान्याच्या खिडकीतून दूरवर डोंगराची निळी रेघ दिसत होती, आणि त्या रेघेच्या टोकाला कुलदेवीच्या देवळाचा पांढरा ठिपका. उतारावरचे पळस भरभरून फुलले होते. इकडे शुभ्र उशीवर केतकीचे केस गळून पडले होते.

काळेभोर, रेशीममृदू, कुरळे केस. जन्मापासून कात्री न लागलेले. पहिल्या वर्षी जावळ काढायचे ठरले, तर ज्याच्या मांडीवर काढायचे तो मामाच नव्हता. फौजेतून त्याला रजा मिळेना. दुसरे वर्ष सम, त्यात जावळ काढत नाहीत, म्हणून तिसऱ्यावर ढकलले. केस खांद्यावर उतरले. बापाने, सयाजीने, हौसेने दोन लाल रिबिनी आणून ठेवल्या. मग ताप आला, अंगावर निळे डाग आले, आणि डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाचे नाव घेतले.

देवीच्या पायरीवर वाहायचे केस औषधाने उशीवर उतरवले. ना हळद, ना कुंकू, ना मामाची मांडी.

रोहिणीने एक एक केस वेचला. वेचताना ती रडली नाही, कारण लेक बघत होती. पिवळ्या फडक्यात तिने पुरचुंडी बांधली. सयाजीने हात पुढे केला.

"दे. देवीला वाहून येतो. तिचं तिला पोचलं म्हंजे ती पोरीला सांभाळंल."

रोहिणीने पुरचुंडी छातीशी धरली. "नका न्हेऊ. हे दिलं आणि नवं आलंच न्हाई, तर माझ्याकडं काय राहील?"

सयाजीचा हात तसाच राहिला. रोपवाटिकेत कलमे बांधणारा, मातीने राकट झालेला हात. तो खाली जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आला.

चैत्र गेला, वैशाख गेला. डोंगर धुरकट झाला, मग हिरवागार झाला, मग ढगांत बुडून गेला. गावी घरचे देव पाण्यात घालून बसले. केतकीचे डोके तांब्यासारखे गुळगुळीत झाले. सुई टोचताना ती रिबिनी मुठीत घट्ट धरी, आणि सुई निघाली की विचारी, "आई, वेणी कधी?"

"घालूया हं," रोहिणी म्हणे. खोटे बोलणे तिला कधी जमले नव्हते; त्या वर्षी जमले.

रोज सकाळी ती लेकीच्या डोक्यावरून तळहात फिरवी. रोज सकाळी तळहात रिकामा परते. किती वेडी ही आस! तिला राज्य नको होते, वैकुंठ नको होते. तळहाताला काहीतरी टोचावे, एवढेच हवे होते.

आश्विन उजाडला. ऊन मऊ झाले, डोंगरावर गवत सोनपिवळे डोलू लागले. रोहिणीने नेहमीसारखा हात फिरवला, आणि तो थबकला. कानामागे काहीतरी खरखरले. सयाजीचा हात ओढून तिने तिथे ठेवला.

त्या हाताने हजारो कलमे चाचपली होती. त्याने डोळे मिटले, बोट हळूच फिरवले.

"धरलंय गं," तो म्हणाला, आणि फरशीवरच फतकल मारून ओक्साबोक्शी रडू लागला.

अजून दीड वर्ष औषधे होती. डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. हे रोहिणीला पाठ होते. तरी तिने उशीखालची पुरचुंडी काढली आणि नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली.

"आता जावा. देवीला सांगा, आई, तुझं तुला पोचवलं. हे नवं आमचं हाय. ह्याला हात लावायचा न्हाई."

सयाजी पायऱ्या उतरला, डोंगराच्या वाटेला लागला. खिडकीत ऊन आले. केतकी मुठीतल्या रिबिनी उलगडत बसली. आणि रोहिणीचा तळहात त्या इवल्याशा खरखरीवर टेकला होता, तो काही केल्या तिला उचलवेना.